शुक्रवारची दाढ

"माझ्या तोंडाला आग लागलीय," असं मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा नवरा वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणाला, "ती विझली कधी होती?"

त्यावर मुलगी फिस्सकन हसली. मी त्या दिवशी दोघांनाही जेवायला वाढलं नाही. त्यांनी आपापलं वाढून घेतलं आणि पोटभर जेवले, हा भाग वेगळा.

पण आग खरीच होती हो! जिभेचं टोक आणि डावी कड. गरम चहाने पोळल्यावर कसं होतं, तसंच. फक्त पोळलेलं दोन दिवसांत बरं होतं आणि ह्याला आठ महिने झाले होते. सकाळी उठल्यावर जरा बरं असायचं, दुपारी वाढायचं आणि संध्याकाळपर्यंत तोंडात नाणं धरून बसल्यासारखी चव. आरशात बघावं तर जीभ गुलाबी, टवटवीत. माझ्या अख्ख्या अंगात तेवढीच एक गोष्ट तरुण दिसत होती, आणि तीच जळत होती.

दुसरी कुणी असती तर मुकाट्याने डॉक्टरकडे गेली असती. मी नाही गेले, कारण मी डेंटल लॅबमध्ये काम करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे घेऊन आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्यात प्लॅस्टर ओतून जबडा तयार करतो आणि त्यावर कवळ्या, टोप्या, नाईट गार्ड, जे मागतील ते करून देतो. अठरा वर्षं झाली. मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पण दात विसरत नाही. एकदा बसस्टॉपवर एक बाई माझ्याकडे बघून हसली आणि मी पटकन बोलून गेले, "तुमचा वरचा डावा सुळा मी केलाय!" बिचारी बस सोडून टॅक्सीने गेली.

तर ह्या कामात एक खोड लागते. तोंडात काहीही दुखत असो, आम्हाला वाटतं, कुठेतरी काहीतरी अर्धा मिलिमीटर उंच राहिलंय. त्यासाठी आमच्याकडे निळा कागद असतो. दातांत धरायचा, चावायचं, जिथे निळा ठिपका जास्त गडद उमटेल तिथे घासायचं. प्रश्न मिटला. अठरा वर्षं मी लोकांचे प्रश्न असेच मिटवत आलेय, मग स्वतःचा मिटवायला कुणाच्या बापाची भीती?

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या तोंडाचा ठसा घेतला. प्लॅस्टर ओतलं. तासभर उलटापालटा करून बघितलं आणि निकाल दिला: डावीकडची खालची शेवटची दाढ. तिची आतली कड जिभेला घासतेय. मग आरसा समोर ठेवून लॅबच्या मशीनने ती कड घासलीसुद्धा, स्वतःच्या तोंडात, स्वतःच्या हाताने. नेमके तेव्हाच पॉलिशवाले काका आत आले. आमच्या लॅबमध्ये सगळ्या कवळ्यांना शेवटचा हात हे काका फिरवतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, लोक निदान केस तरी दुसऱ्याकडून कापून घेतात."

मी लक्ष दिलं नाही. कड गेली, आग राहिली. म्हटलं, म्हणजे मी झोपेत दात खात असणार. सकाळी जबडा जड असायचाच. मग मी स्वतःसाठी नाईट गार्ड बनवला. नाईट गार्ड म्हणजे झोपेत दात खाणाऱ्यांनी दातांवर बसवून झोपायची पारदर्शक पट्टी. पहिला जाड झाला म्हणून दुसरा पातळ केला. तिसरा मऊ, चौथा कडक. असे सात झाले. सातही माझ्या टेबलाच्या खणात तारखा घालून ठेवलेले. नवरा म्हणायचा, "सात वारांचे सात." मी म्हणायचे, "तुझ्या घोरण्यावर बसवायला आठवा करते."

ह्या सगळ्यात माझा स्वभाव काय झाला होता विचारू नका. आधीच मी काही साखरेची पुडी नाही. आता तर कुणी "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी "कशावरून?" असं विचारत होते. आणि हातून चुकाही व्हायला लागल्या. एका शाळेच्या बाईंच्या कवळीत मी डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला. पहिल्या महिन्यातली शिकाऊ पोरगीसुद्धा करणार नाही अशी चूक. काकांनी पॉलिश करताना पकडली आणि गुपचूप माझ्या टेबलावर आणून ठेवली, कुणाला दाखवली नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. हात गेला तर माझ्याकडे दुसरं आहे काय?

त्याच दिवशी मी ठरवलं, दाढ काढून टाकायची.

हे धाडस आलं कुठून, तर माझ्या थोरल्या जाऊबाईंकडून. मी त्यांना ताई म्हणते. चौदा वर्षांपूर्वी, त्या बावन्न वर्षांच्या असताना, त्यांच्याही तोंडाची अशीच आग व्हायची. आधी दोन दात काढले, मग चार, आणि शेवटी वैतागून सगळेच काढून टाकले. त्यांची कवळी मी केली. मला लॅबमध्ये चार वर्षं झाली होती आणि वरची-खालची पूर्ण कवळी एकटीने केलेली ती माझी पहिली. तेव्हापासून घरात कुणाचं काही दुखलं की ताईंचं एक वाक्य ठरलेलं, "काढले आणि सुटले बघ!" हे वाक्य मी चौदा वर्षं ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर दर वेळी मनातल्या मनात कॉलर ताठ करत होते. सुटल्या त्या माझ्या कवळीमुळे ना!

आमच्या लॅबला नेहमी काम देणारे दातांचे डॉक्टर आहेत. मागच्या महिन्यात काम पोहोचवायला गेले असताना त्यांनी आपणहून माझा एक्स-रे काढला होता. आता मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "एक्स-रे स्वच्छ आहे, दाढ हलत नाही, किडलेली नाही. मला काढण्यासारखं काही दिसत नाही. मागच्या महिन्यात मी तुम्हाला चिठ्ठी दिली होती, हॉस्पिटलमधल्या तोंडाच्या आजारांच्या डॉक्टरांसाठी. गेलात का?"

"गेले नाही. आणि जाणार नाही. माझं तोंड मला माहीत आहे."

डॉक्टरांनी हात टेकले. "शुक्रवारी या," म्हणाले. "पण त्याआधी तुमचं मन बदललं तर मला आनंदच होईल."

हे झालं सोमवारी. बुधवारी मी सातवा गार्ड काकांच्या टेबलावर ठेवला. कड जरा टोचत होती, म्हटलं, शुक्रवारपर्यंत तरी नीट घालता येऊ दे. काकांनी तो उजेडात धरला. मग न विचारता उठले, माझा खण उघडला, उरलेले सहाही काढले आणि ओळीने मांडले.

"हे तुम्ही वापरता?"

"रोज वापरते. पहिला सात महिन्यांपूर्वीचा."

काकांनी दुरुस्तीच्या ट्रेमधून एका पेशंटचा गार्ड उचलून शेजारी ठेवला. दोन महिन्यांतच त्याला दोन्ही बाजूंनी खड्डे पडले होते, एका कडेला तडा गेला होता. असे गार्ड आमच्याकडे आठवड्याला दहा येतात. मी ते झोपेत चाचपले तरी ओळखीन.

"आता तुमच्या सातांपैकी एकावर मला एक ओरखडा दाखवा," काका म्हणाले.

मी एकेक उचलून पाहिला. भिंगाखाली पाहिला. सातही गुळगुळीत. आदल्या दिवशी केल्यासारखे.

"म्हणजे मी दात खात नाही?"

"झोपेत दात खायला आधी झोपावं लागतं, बाई. तुम्ही झोपता कधी?"

खरंच, कधी झोपते मी? दहाला आडवी होते. दोन तासांत घामाने भिजून जागी. खिडकी उघड, पंखा लाव. मग थंडी वाजते म्हणून खिडकी लाव. नवरा दोन पांघरुणांत गुरफटून पडलेला, मी त्याच्याकडे बघून दातओठ खातेय, पण तेही जागेपणी आणि गार्ड उशाशी काढून ठेवून. चारला कुठे डोळा लागला तर साडेपाचला गजर. हे वर्षभर चालू होतं आणि मी ते आगीच्या खात्यात धरलंच नव्हतं. माझ्या लेखी ते खिडकीचं भांडण होतं.

अठरा वर्षं मी झिजलेले दात वाचतेय आणि स्वतःचे सात गार्ड मला वाचता आले नाहीत! लाजेने कान गरम झाले. काका आपल्या पॉलिशच्या चाकाकडे वळले, हे त्यांचे उपकार.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी हॉस्पिटलमध्ये गेले. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी सवयीने आधी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "बंद करा, बघते नंतर. आधी सांगा, झोप कशी आहे? आणि पाळी?"

"पाळी थांबून वर्ष होत आलं. पण माझं दुखणं तोंडात आहे."

"ऐकते ना. आग सुरू कधी झाली?"

मी बोटांवर मोजलं. पाळी थांबल्यानंतर तीन-चार महिन्यांनी. त्यांनी ते लिहून घेतलं, मग नीट तोंड तपासलं, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि समजावून सांगितलं. ह्या वयात अंगातली काही हार्मोन्स कमी होतात. त्याचा परिणाम जिभेच्या बारीक नसांवर आणि लाळेवर होऊ शकतो, म्हणून जीभ चांगली दिसते तरी जळते. त्याच हार्मोन्समुळे घाम येतो, झोप मोडते. झोप मोडली की दुखणं सहन होत नाही आणि दुखत असलं की झोप लागत नाही.

"म्हणजे आधी काय? झोप का आग?"

"ते मलाही सांगता येणार नाही," त्या हसल्या. "पण एक टोक हातात आलं तरी पुरे. झोपेपासून सुरुवात करू. रक्तात लोह, बी-बारा, साखर, थायरॉइड बघू. लगेच जादू होणार नाही, काही महिने लागतील. पण दाढेचा ह्यात काही दोष दिसत नाही."

"माझ्या जाऊबाईंची आग दात काढल्यावर गेली."

"किती दिवसांनी?"

"काढल्यावर."

"हो, पण किती दिवसांनी? विचारा त्यांना."

असा राग आला म्हणून सांगू! चौदा वर्षांत हा प्रश्न मला का सुचला नाही? मी तिथूनच रिक्षा धरली आणि थेट ताईंच्या दारात उभी राहिले. बेल वाजवून ओरडले, "ताई, मी आलेय!" आतून भांड्यांचा, नळाचा आवाज आला आणि बऱ्याच वेळाने दार उघडलं. ताई तोंड पुसत होत्या. टेबलावर कपात बुडवून लगदा झालेलं बिस्किट होतं.

बसायच्या आधीच मी विचारलं, "ताई, दात काढल्यावर आग किती दिवसांनी थांबली?"

"काय गं एकदम? चहा टाकू?"

"उद्या माझी दाढ काढणार आहेत. किती दिवसांनी?"

ताई खुर्चीवर बसल्या. पदराचं टोक हातात घेऊन गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन वर्षं होती."

"काय?"

"दात गेले तरी तीन वर्षं होती गं. नुसत्या हिरड्या आणि आग. मग एक दिवस लक्षात आलं, अरे, आज नाही."

ताई उठल्या, कपाटातून बटणांचा डबा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. आत कापसात त्यांचे दात. डॉक्टरकडून मागून आणलेले, 'माझे आहेत, मला द्या' म्हणून. ह्या घरात मी सव्वीस वर्षं येतेय आणि हा डबा मला माहीत नव्हता. मी सवयीने ते टेबलावर ओळीने लावले, वरचे वर, खालचे खाली. अठ्ठावीस. सहा किडलेले. बाकी बावीस धडधाकट, मुळं शाबूत, आणखी तीस वर्षं चालले असते. डावीकडची खालची शेवटची दाढ मी हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिली. एक ठिपकासुद्धा नव्हता तिच्यावर.

"मग मला 'काढले आणि सुटले' असं का सांगत राहिलात?" माझा आवाज चढला होता. "मी उद्या खुर्चीत बसले असते ना, ताई!"

"तू कवळी घेऊन आलीस तो दिवस आठवतो?" ताई म्हणाल्या. "हातरुमालात बांधून आणली होतीस. ह्यांनी दारातच तुला ऐकवलं होतं, घरच्या सुनेने परक्यांच्या तोंडातले दात कसले हाताळायचे म्हणून. तुला रुमालाची गाठसुद्धा सुटेना. मी कवळी घातली आणि तू विचारलंस, 'ताई, दुखतंय का?' ह्यांचे कान इकडेच होते. 'दुखतंय' म्हटलं असतं तर तुझी लॅब त्याच दिवशी बंद झाली असती. मी म्हटलं, छे, मस्त बसलीय. एकदा म्हटलं ते म्हटलं. पुढे तेच सांगत राहिले, इतकं की मलाच खरं वाटायला लागलं."

"म्हणजे कवळीसुद्धा दुखत होती?"

ताईंनी तोंडावर पदर धरला.

"काढा बघू."

"राहू दे गं."

"काढा म्हणते ना!"

त्यांनी खालची कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी ती उलटी केली, सुलटी केली. चौदा वर्षांची कवळी. दाढांवरच्या ज्या बारीक रेघा मी तेव्हा कोरल्या होत्या, त्या जशाच्या तशा. कालच्या बुधवारचे माझे सात गार्ड मला आठवले.

"ताई, तुम्ही ही घालतच नाही."

"घालते ना," त्या म्हणाल्या. बिनदातांचं तोंड एवढंसं झालं होतं. "तू आलीस की घालते."

मग मात्र माझा धीर सुटला. मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. चौदा वर्षं ह्या बाईने बिस्किटं बुडवून खाल्ली, माझं काम टिकावं म्हणून, आणि मी कॉलर ताठ करत फिरले! ताई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "पुरे आता, आग वाढेल."

शुक्रवारची वेळ मी रद्द केली नाही. ठरल्या वेळी डॉक्टरांच्या खुर्चीत ताईंना बसवलं. डॉक्टर आधी गोंधळले, मग त्यांचा चेहरा असा खुलला की मला त्यांच्या सोमवारच्या वाक्याची आठवण झाली. ठसा त्यांनी घेतला, प्लॅस्टर मी ओतलं. पुढचे तीन आठवडे मी लॅबमधलं काम संपवून रोज तासभर ताईंच्या कवळीवर बसत होते. काका पॉलिशला घाई करेनात. "ही सावकाश होऊ दे," म्हणाले.

माझं म्हणाल तर आग आहे. गेली म्हणून खोटं कशाला सांगू? रक्तात लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू आहेत. डॉक्टरीणबाईंनी झोपायच्या-उठायच्या वेळा बांधून दिल्यात, दुपारनंतर चहा बंद केलाय, ह्याचं मला आगीपेक्षा जास्त दुःख आहे. पांघरुणं आमची वेगळी झालीत आणि खिडकी माझ्या ताब्यात आलीय. सलग पाच तास झोप लागते. पाच तास झोपलेल्या दिवशी आग खरंच कमी असते, हे मी वहीत लिहून ठेवलंय. परवा नवऱ्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचारलं, "आज आग कशी आहे?" मी इतकी चकित झाले की त्याला दोन वेळा वाढलं.

सुळे परत जागेवर बसवलेली ती कवळी शाळेच्या बाई घेऊन गेल्या. आणि काल ताईंची नवी कवळी तयार झाली. ह्या वेळी हातरुमालात नाही, डबीत ठेवून नेली. डॉक्टरांच्या खुर्चीत ताई बसल्या, मी शेजारी उभी. वरची बसवली, खालची बसवली. त्यांनी तोंड मिटलं, उघडलं.

"ताई," मी विचारलं, "दुखतंय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'नाही' म्हणून मान हलवायला निघाल्या होत्या, ती सवयीची, चौदा वर्षांची मान. मग थांबल्या.

"हो," ताई म्हणाल्या. "दुखतंय. इथे, डावीकडे, आतून. चांगलंच दुखतंय."

कुणाच्या तोंडून 'दुखतंय' ऐकून मला आयुष्यात इतकं बरं वाटलं नव्हतं. मी डोळे पुसले, खिशातून निळा कागद काढला आणि म्हटलं, "चावा बघू."